पुन्हा एकदा तो शर्ट

शर्ट अजून अंगातच आहे. झहीर खानने कव्हरकडे ढकललेला चेंडू अजून क्षेत्ररक्षकाच्या हातात गेलेला नाही, लॉर्ड्सच्या बाल्कनीचा कठडा पडद्यावर यायचा आहे, आणि तरी बेहालातल्या क्लबाच्या त्या अरुंद खोलीत हालचाल सुरू झालेली असते. कॅरमवरचा स्ट्रायकर थांबतो, मुढीच्या पुडीत गेलेला हात तसाच आत राहतो, दाराशी रेंगाळणाऱ्या एखाद्याला कोणीतरी मनगट धरून आत ओढतो. टीव्हीवर भारतीय क्रिकेटचा माहितीपट चालू असावा, त्यात सौरव गांगुलीचा विषय निघावा आणि 13 जुलै 2002 च्या, इंग्लंडविरुद्धच्या अंतिम सामन्याच्या संध्याकाळची ती फीत येऊ नये, असे सहसा होत नाही. ती येण्याआधीच्या दोन-तीन क्षणांत प्रेक्षकांच्या चेहऱ्यांवर जे उमटते ते मला फितीइतकेच, खरे सांगायचे तर फितीहून अधिक, पाहण्यासारखे वाटत आले आहे. आज आपण त्या चेहऱ्यांकडेच जरा निवांत पाहू.

हे चेहरे कुठले, ते आधी सांगायला हवे. डायमंड हार्बर रोडच्या दोन्ही अंगांनी दक्षिणेकडे पसरत गेलेला बेहाला हा कोलकात्याचा जुना, दाट आणि काहीसा कानाकोपऱ्याचा भाग. 2022 संपता संपता तारातला ते जोका अशी मेट्रो इथे डोक्यावरून धावू लागली, पण खालचे जीवन अजून गल्ल्यांचे, क्लबांचे आणि मातीच्या भांड्यातल्या चहाचेच आहे. इथल्या बीरेन रॉय रोडवर गांगुलींचे मोठे घर आहे, आणि त्या घरातला धाकटा मुलगा जगासाठी भारताचा कर्णधार झाला तरी या पाड्यासाठी 'महाराज'च राहिला. बेहालाचा प्रेक्षक मात्र केवळ शेजारधर्माने भारावणारा नाही. सावर्ण रायचौधुरी घराण्याची दुर्गापूजा जिथे 1610 पासून चालत आली आहे अशी परंपरा सांगतात, आणि जिथल्या बडिशा क्लबाने 2020 साली लेकरू कडेवर घेऊन निघालेल्या स्थलांतरित मजूर आईच्या रूपात देवी उभी केली, त्या परिसरात लहानपणापासून मंडप पाहत फिरलेला हा माणूस आहे. मूर्तीच्या डोळ्यांपासून पडद्याच्या शिवणीपर्यंत सगळे निरखून, मग हलक्या आवाजात एखादी बारीकशी उणीव काढण्यात त्याचा आनंद असतो. तोच डोळा तो टीव्हीकडे लावतो.

म्हणून त्याला शर्टाच्या आधीचे सगळे हवे असते. इंग्लंडच्या 325 धावा, गांगुलीच्या 43 चेंडूंतल्या 60, मग पाहता पाहता 5 बाद 146 ही दैना, आणि सचिनही परतल्यावर मैदानावर उरलेली युवराज आणि कैफ ही दोन कोवळी पोरे. त्या दोघांच्या 121 धावांच्या भागीदारीत एक बारीकसा प्रसंग आहे, जो कैफने आणि गांगुलीनेही पुढे हसत हसत सांगितला: कर्णधार बाल्कनीतून ओरडून खुणावत होता की तू एक धाव काढ आणि युवराजला खेळू दे, आणि कैफने पुढच्याच आखूड चेंडूवर षटकार ठोकला. हा किस्सा माहितीपटात आला की खोलीतला एखादा प्रौढ माणूस मान डोलावतो, जणू तोही त्या बाल्कनीत होता आणि त्यालाही एक धावच हवी होती. कैफच्या घरची मंडळी सामना हातचा गेला असे समजून आदल्याच दिवशी लागलेला 'देवदास' पाहायला निघून गेली, ही गोष्ट निघाली तर मग हशा आवरत नाही. शरद्बाबूंच्या नायकाने बंगालबाहेरच्या एका कुटुंबाचे असे नुकसान करावे, यात बेहालाला एक विलक्षण खट्याळ समाधान मिळते. मला त्या सगळ्यात झहीरकडे पाहायला आवडते. श्रीरामपूरचा हा मुलगा शेवटच्या षटकात फ्लिंटॉफला सामोरा जातो, कव्हरकडे चेंडू ढकलून पळतो, फेक निसटते, दुसरी धाव मिळते; तीन चेंडू आणि दोन गडी शिल्लक असताना सामना संपतो. विजयी धावा त्याच्या बॅटीतून आल्या याची आठवण कोणाला फारशी राहिलेली नाही, कारण पुढच्याच क्षणी कॅमेरा वर वळतो.

आता तो वळू द्या. बाल्कनीत एक उघडा माणूस आहे आणि त्याच्या हातात निळे कापड गरगर फिरते आहे. एवढेच. काही क्षणांचा ऐवज. पण किती थर आहेत पाहा त्यात! ज्या पॅव्हिलियनच्या सज्जात हे घडते ती 1890 सालची वास्तू. सामन्याच्या दिवशी तिच्या आत बसायचे तर पुरुषांना कोट-टाय चढवावा लागतो, आणि तिची मालकी असलेल्या क्लबाने स्त्रियांना सभासदत्व देण्याचा निर्णयसुद्धा 1998 पर्यंत लांबवला होता. वस्त्राच्या मर्यादेवर उभ्या असलेल्या त्या घरात एक माणूस वस्त्र उतरवतो, आणि तो माणूस म्हणजे कोणी वांड, रस्त्यावरचा पोरगा नव्हे, तर बेहालाच्या सुखवस्तू घरात वाढलेला, संथ बोलणारा, ऑफसाइडला लोण्यातून सुरी फिरावी तसे फटके मारणारा गृहस्थ. औद्धत्याला सौंदर्य येते ते ते कोणाच्या अंगावर चढले आहे यावरून. याच मैदानावर 22 जून 1996 रोजी पहिल्याच कसोटीत त्याने शतक केले होते, 131 धावांचे, आणि तेव्हा तो किती शिस्तीत, किती संकोचाने हेल्मेट काढून उभा होता हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. सहा वर्षांच्या अंतरावरची ही दोन चित्रे मनात एकावर एक ठेवून पाहणारा प्रेक्षक आणि फक्त दुसरे पाहणारा प्रेक्षक, या दोघांना एकच फीत दिसत नसते.

मग बारीक तपशिलांवरचे वाद. गळ्यात जे हेलकावते आहे ती साखळी की ताईत? मागे उभा लक्ष्मण त्याला थांबवतो आहे की नुसताच गोंधळला आहे? गांगुलीने गप्पांत सांगितले आहे की लक्ष्मण मागून नको नको म्हणत होता. ते ऐकल्यापासून सगळ्यांचे डोळे आता त्या मागच्या चेहऱ्याकडे जातात आणि त्या भल्या हैदराबादी माणसाची घालमेल हाही दृश्याचा एक सुंदर कोपरा होऊन बसला आहे. तोंडाने गांगुली काय म्हणतो आहे ते सगळ्यांना कळते. मोठ्यांच्या देखत ते कोणी उच्चारत नाही.

या दृश्याचा पूर्वार्ध आपल्याकडे घडला, हे सांगताना मला तिथे नेहमी थोडा भाव खाता येतो. 3 फेब्रुवारी 2002, वानखेडे. इंग्लंडविरुद्धच्या सहा सामन्यांच्या मालिकेत भारत 3-2 ने पुढे, शेवटच्या षटकात विजय आवाक्यात, आणि फ्लिंटॉफने कुंबळेला धावबाद करून पाठोपाठ श्रीनाथचा त्रिफळा उडवला. पाच धावांनी सामना गेला, मालिका बरोबरीत सुटली, आणि तो धिप्पाड लँकेशायरवाला शर्ट काढून मुंबईच्या मैदानावर धावत सुटला. त्या सामन्यात 80 धावा करून बसलेल्या गांगुलीने ते पाहिले आणि पाच महिने मनात ठेवले. पुढे समालोचक बॉयकॉटने त्याला हटकले की लॉर्ड्स म्हणजे क्रिकेटची पंढरी, तिथे असे करतात का. तेव्हा त्याने दिलेले उत्तर प्रसिद्धच आहे: तुमची पंढरी ती असेल, आमची वानखेडे. (पंढरी हा शब्द माझा, मूळ संभाषणात तीर्थक्षेत्र दुसरे होते.) बेहालाच्या मुलाने मुंबईच्या मैदानाचा मान लंडनमध्ये राखावा, हा धागा जे माहितीपट नीट विणतात, म्हणजे आधी वानखेडेची फीत दाखवून मग लॉर्ड्सला जातात, त्यांना क्लबात मनापासून दाद मिळते. जे थेट बाल्कनीवर उडी घेतात त्यांच्याबद्दल एक नाराजीचा चुकचुकाट होतो. ऋण दाखवलेच नाही तर फेडीचा आनंद कसा कळावा?

दुसरी नाराजी आवाजाची, आणि ती मला फार मार्मिक वाटते. आजचे माहितीपट असे क्षण संथगतीने दाखवतात, खाली गंभीर वाद्यमेळ सोडतात आणि वरून खुर्चीत बसलेल्या कुणा खेळाडूचे निवेदन पेरतात. चित्र तेच, पण त्या संध्याकाळचा गलका, समालोचकाचा फाटलेला स्वर, स्टँडमधल्या ढोलाचा आवाज, हे सगळे त्या संगीताखाली बुडते. क्लबातला जाणता प्रेक्षक अशा वेळी रिमोट हातात घेतो आणि आवाज कमी करतो! चित्र समोर चालू राहते आणि मूळ आवाज तो स्वतःच्या आत लावून घेतो. हे पाहिले तेव्हा मला अभिनवगुप्ताचा सहृदय आठवला. काव्याच्या अभ्यासाने ज्याच्या मनाचा आरसा लख्ख झाला आहे आणि समोरच्या विषयाशी तन्मय होण्याची योग्यता ज्याला आली आहे, तो सहृदय, असे त्या काश्मिरी आचार्याने म्हटले आहे. काव्याच्या जागी कव्हर ड्राइव्ह ठेवला तर व्याख्येला कुठे धक्का लागतो, मला तरी दिसत नाही.

शेवट ठाऊक असलेली गोष्ट माणूस पुन्हा पुन्हा का पाहतो, या प्रश्नाचे उत्तरही आपल्याला बाहेरून आणायला नको. आपल्या देवळांतल्या कीर्तनात आख्यान कोणाला नवे असते? उत्तररंगात बुवा द्रौपदीच्या वस्त्रहरणाशी येतात तेव्हा कृष्ण धावून येणार की नाही याची चिंता श्रोत्याला नसते. तो कोणत्या शब्दावर येणार, झांजेच्या कोणत्या ठोक्यावर येणार, याची त्याला ओढ असते, आणि तो आला की डोळे भरतात ते माहितीने नव्हे. प्रत्यक्ष सामना पाहताना त्या दिवशी जे होते ती भीती होती, खरीखुरी, पोटात गोळा आणणारी; हरलो असतो तर रात्रभर झोप नसती. माहितीपटात ती भीती येते, पण तिचा काटा काढून. भावाचा रस होतो म्हणजे काय, हे नाट्यशास्त्राच्या वर्गात मला जितके कळले नाही तितके बेहालातल्या त्या कोंदट खोलीत, 5 बाद 146 चा फलक पाहून सुखाने सुस्कारा टाकणाऱ्या माणसांनी शिकवले.

खोलीत विशीतली मुलेही असतात. त्यांच्यातली कित्येक 2002 नंतर जन्मलेली. त्यांचे टाळ्या वाजवणे थोडे मोठे, थोडे लवकर; त्यांना हे दृश्य वडिलांकडून आले आहे, घरातल्या दागिन्यासारखे तयार, घडवतानाची आच न लागता. मोठ्यांना पडद्यावर गांगुलीच्या आडून स्वतःची तेव्हाची खोली, तेव्हाचा टीव्ही, तेव्हा हयात असलेली माणसे दिसतात. मुलांना दिसतो तो निखळ नायक. रसिकतेत थोरला कोण, याचा निवाडा मी करणार नाही. पण एकदा एका मुलाने विचारले की झहीर इतका का हसतोय, आणि मोठ्यांपैकी कोणाचेही तिकडे आजवर लक्ष गेले नव्हते.

गंमत अशी की खुद्द नायकाला हे दृश्य तितकेसे आवडत नाही. त्या कृतीचा आपल्याला संकोच वाटतो, असे त्याने पुन्हा पुन्हा सांगितले आहे. पन्नाशी ओलांडलेला, चष्मा लावलेला, नियामक मंडळाचे अध्यक्षपद भूषवून आलेला गांगुली आता माहितीपटांत निवेदक होऊन बसतो. फेब्रुवारी 2025 मध्ये नेटफ्लिक्सवर आलेल्या भारत-पाकिस्तान क्रिकेटवरच्या तीन भागांच्या मालिकेत सेहवाग, शोएब अख्तर, गावसकर यांच्याबरोबर तोही बोलतो. त्याचे ते शांत, बेतलेले बोलणे ऐकताना क्लबातल्या चेहऱ्यांवर एक वेगळीच छटा येते: कौतुक आहे, पण त्यात थोडा हट्टही आहे. 'दादा' आता सभ्य झाला आहे, त्याला बोलू द्या. शर्ट फिरवणारा आमचा आहे, त्याच्यावर आता त्याचाही हक्क नाही, असे काहीसे. आपल्या नायकाशी असहमत होऊन त्याच्यावर प्रेम करत राहणे, ही चाहतेपणाची फार प्रगल्भ अवस्था म्हणायला हवी. गांगुलीवरच्या चरित्रपटाची घोषणा 2021 मध्ये झाली तेव्हापासूनचा क्लबातल्यांचा आक्षेपही याच जातीचा आहे. नट कितीही चांगला असो, तो जो शर्ट फिरवेल तो वेशभूषाकाराने दिलेला असेल.

भारताचे तेव्हाचे प्रशिक्षक ग्रेग चॅपेल पडद्यावर आले की काय होते, तेही पाहण्यासारखे. 2005 साली त्यांच्याशी बिनसल्यावर गांगुलीचे कर्णधारपद गेले, संघातली जागा गेली, आणि 25 नोव्हेंबरला ईडन गार्डन्सवर भारत दक्षिण आफ्रिकेशी खेळत असताना कोलकात्याचे प्रेक्षक पाहुण्या संघासाठी टाळ्या वाजवत होते. भारत दहा गड्यांनी हरला. त्या दिवसाची फीत दाखवली की वातावरण क्षणभर अवघडते. तिथे हजर असलेले लोक या खोलीत आहेत आणि आपल्याच संघाच्या पराभवाला वाजवलेल्या त्या टाळ्यांचे काय करावे, हे त्यांना अजून उमगलेले नाही. पण चॅपेल दिसले की मात्र सगळे सुटतात. एकेकाळी ज्या चेहऱ्याच्या प्रतिमा या शहरात जाळल्या, त्याच चेहऱ्यावर आता कोट्या होतात, नकला होतात, चहाची दुसरी फेरी मागवली जाते. वीस वर्षांत रौद्राचे हास्य झाले. या रूपांतराला लागणारा वेळ कोणत्याही आचार्याने सांगितलेला नाही.

नागपूरचा भाग मात्र त्यांना मी समजावून सांगावा अशी अपेक्षा असते, जणू जामठ्याचे मैदान माझ्या अंगणात आहे. नोव्हेंबर 2008, त्या मैदानावरची पहिलीच कसोटी आणि गांगुलीची शेवटची. पहिल्या डावात 85, दुसऱ्या डावात पहिल्याच चेंडूवर क्रेझाच्या हातात सोपा झेल. मग शेवटी, ऑस्ट्रेलियाचा डाव आटोपत आला असताना, धोनीने काही षटकांपुरते कर्णधारपद त्याच्या हाती दिले. माहितीपट धोनीच्या त्या दिलदारपणावर रेंगाळतात आणि ते योग्यच. क्लबात मात्र कोणी ना कोणी त्या 85 कडे बोट दाखवतो. आणखी पंधरा झाल्या असत्या तर पहिल्या आणि शेवटच्या कसोटीत शतक! शून्याबद्दल कोणी काही म्हणत नाही, ते शून्य जणू विदर्भाच्या उन्हाने केले. मी माझ्या प्रदेशाच्या वतीने ते मुकाट्याने पत्करतो.

श्रेयनामावली सरकू लागली की खरी मैफल रंगते, कारण आता काय दाखवले नाही याची यादी सुरू होते. ही तक्रार समजू नका. उत्तम जेवणानंतर एखादा पदार्थ आठवून हळहळणे हा यजमानाचा गौरवच असतो. डिसेंबर 2003 चा ऑस्ट्रेलिया दौरा दाखवताना सगळे माहितीपट ॲडलेडला धावतात: द्रविडच्या 233, लक्ष्मणच्या 148, मग द्रविडच्याच नाबाद 72. पण त्याआधीच्याच कसोटीत, उसळत्या खेळपट्टीवर, आखूड चेंडू खेळता येत नाहीत असा ज्याच्यावर शिक्का होता त्या कर्णधाराने पहिल्या डावात जे केले, ज्याने तो सगळा दौरा ताठ मानेने उभा राहिला, त्याला बहुतेक ठिकाणी एखाद-दुसरा फटका मिळतो. मी म्हणालो की आमच्याकडेही हेच दुःख आहे, त्याच ॲडलेडच्या दुसऱ्या डावात मुंबईच्या आगरकरने 41 धावांत सहा बळी घेतले आणि ते धावत्या गाडीतून स्टेशन दिसावे तसे दाखवतात. त्यावर पलीकडून एक गृहस्थ म्हणाले की आगरकरचे निदान दिसले तरी. ब्रिस्बेनचे 144 कुठे आहेत ते आधी सांगा.